इंग्लंडच्या खेड्यांतील जुने पब : एल आणि जेवणासाठी कोठे जावे?

संत्राबाग (ता. वरुड)

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात मी, पत्नी आणि माझी आई असे तिघे लेक-जावयाकडे इंग्लंडला जाणार आहोत. आंबिया बहाराची फळे तोवर झाडावर ठरलेली असतात, पेरणीला अवकाश असतो आणि ओलिताचे पाहायला धाकटा भाऊ घरी आहे, त्यामुळे वर्षातून एवढाच काळ मला मोकळा मिळतो. जावई रेडिंग या शहरात नोकरीला आहेत. लंडनचा राजवाडा, संग्रहालये आणि नदीकाठचा तो मोठा आकाशपाळणा हे सारे लेकीने आधीच ठरवून ठेवले आहे आणि त्याला माझी काही हरकत नाही. परंतु मला स्वतःला तेथील खेडी पाहायची आहेत आणि त्या खेड्यांतले जुने पब पाहायचे आहेत. पाहुण्यांसोबत कधीमधी एखादी बाटली बिअर घेणारा मी माणूस. एल नावाची जी बिअर तेथे लाकडी मुठीच्या पंपाने ओढून देतात ती कोमट असते असे कोणी सांगतो, तर तिची चव घेतल्यावर बाटलीतली बिअर घशाखाली उतरत नाही असेही कोणी सांगतो. खरे काय ते जाणकारांनी सांगावे.

अडचण अशी की, आमच्या तालुक्याच्या ठिकाणी बिअर बार म्हटला की काळ्या काचा, आत मिणमिणता लाल दिवा, टेबलाखाली शेंगदाण्यांची टरफले आणि ओळखीचे कोणी पाहू नये म्हणून खाली मान घालून आत शिरणारी माणसे एवढेच डोळ्यांसमोर येते. घरची बाईमाणसे तेथे पाऊल ठेवत नाहीत. आई माळकरी आहे. पबचे नाव काढताच ‘तुम्ही जा, मी घरीच हरिपाठ म्हणत बसते’ असे तिने सांगून टाकले. पत्नी सामिष खाते, पण गोमांस मात्र आमच्या घरात कोणीही खात नाही. अशा कुटुंबाला घेऊन खेड्यातल्या पबात जाता येते का, तेथे जेवायला नेमके काय मिळते आणि रेडिंगहून शक्यतो रेल्वेने जाण्याजोगे चार चांगले पब कोणते, एवढे कळले तर उपकार होतील.

आर्वीकर

भाऊसाहेब, ज्या जिल्ह्यात दारूबंदी आहे तेथल्या माणसाने या प्रश्नाला पहिले उत्तर द्यावे हे जरा विनोदी आहे खरे. पण नोकरीनिमित्त बरीच वर्षे लीड्समध्ये काढली असल्यामुळे आणि सुटीच्या दिवशी यॉर्कशायरची खेडी पायी पालथी घालण्याचा नाद असल्यामुळे थोडेफार सांगू शकतो.

आधी कोमटपणाचे पाहू. एल कोमट नसते. ती तळघराच्या तापमानाला, म्हणजे 11 ते 13 अंश सेल्सिअसला, दिली जाते. त्याहून थंड केली तर माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोडवा आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा जिभेला कळतच नाही. बर्फात घातलेल्या बाटलीची सवय असलेल्या आपल्या माणसाला पहिला घोट बेचव वाटतो, हे मात्र मान्य. दुसरी गोष्ट म्हणजे तिच्यात बाहेरून वायू भरलेला नसतो. कारखान्यातून पिंप निघाल्यावरही आतले यीस्ट जिवंत असते, पिंपातच ती पुन्हा एकदा आंबते आणि त्या क्रियेत जो थोडासा वायू सुटतो तेवढ्यावरच तिचा फेस अवलंबून असतो. पिंप तळघरात आडवे ठेवणे, गाळ खाली बसू देणे, कोणत्या दिवशी तोटी ठोकायची ते ठरवणे हे सारे पबवाल्याचे काम, म्हणून एकाच कारखान्याची एल एका गावात उत्तम आणि शेजारच्या गावात भिकार लागू शकते. पिंप उघडले की आत हवा जाते आणि विरजलेल्या दह्याप्रमाणे ती दिवसागणिक आंबट होऊ लागते. तीन दिवसांच्या आत ती खपली पाहिजे. सर्वत्र आढळणारे लहान पिंप 9 गॅलनचे, म्हणजे 72 पाइंटचे, साधारण 41 लिटरचे असते. आता आपणच हिशेब करा : ज्या खेड्यातल्या पबात मंगळवारी रात्री मोजून दहा गिऱ्हाइके बसली आहेत आणि काउंटरवर मात्र आठ पंप ओळीने उभे आहेत, तेथे कोणते पिंप केव्हा उघडलेले असेल? दोन-तीन पंपांच्या पबात मी निर्धास्तपणे शिरतो. आठ पंप दिसले तर आज सर्वांत जास्त काय खपते आहे, हे सरळ विचारतो. घोटभर चव मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. पंपाच्या मुठीवरची नावाची पाटी उलटी फिरवलेली दिसली तर ते पिंप संपले आहे असे समजावे. ग्लासातली एल व्हिनेगरसारखी आंबूस लागली तर ती निमूटपणे पिऊ नये, काउंटरवर परत न्यावी. चांगला पबवाला वाद न घालता बदलून देतो.

एक पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर. अर्धा मागितला तरी कोणी हसत नाही, किंबहुना अर्धा-अर्धा करून दोन प्रकार चाखणे शहाणपणाचे. पहिल्यांदा ‘बिटर’ हा एलचा कडवट प्रकार घ्या. ती बहुधा चार टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’ बाटलीच्या जवळपास निम्मी. उत्तरेकडे पंपाच्या तोंडाला बारीक छिद्रांची चकती लावतात, त्यामुळे साईसारखा दाट फेस येतो; दक्षिणेत ती लावत नाहीत आणि ग्लास जवळजवळ बिनफेसाचा दिसतो. रेडिंगकडे असा ग्लास आला म्हणून फसवणूक झाली असे समजू नका. साठीच्या दशकात मोठ्या कारखान्यांनी ही पद्धत मोडीत काढून वायू भरलेली, गाळलेली बिअर सगळीकडे रेटायला सुरुवात केली होती. 1971 मध्ये कॅम्रा ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली आणि 1974 पासून तिची ‘गुड बिअर गाइड’ ही वार्षिक मार्गदर्शिका निघू लागली, म्हणून आज आपल्याला या गप्पा मारता येत आहेत. लेकीला ती मार्गदर्शिका विकत घ्यायला सांगा. इंटरनेटवरच्या ताऱ्यांपेक्षा ती कितीतरी भरवशाची आहे.

पबच्या वयाच्या दाव्यांवर मात्र भाळू नका. नॉटिंगहॅमच्या एका प्रसिद्ध पबच्या भिंतीवर 1189 हे साल ठळक अक्षरांत रंगवलेले आहे, पण आज उभी असलेली इमारत बरीचशी सतराव्या शतकातली आहे. ‘देशातला सर्वांत जुना’ म्हणवणारे पब डझनाने सापडतात.

रेडिंगहून सर्वांत जवळचा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा पब म्हणजे बर्कशायरच्या ऑल्डवर्थ गावातला ‘द बेल इन’. एकच कुटुंब तो दोनशेहून अधिक वर्षे चालवत आले आहे. आत काउंटर असा नाहीच; काचेच्या लहान खिडकीतून ग्लास बाहेर येतो, खाली फरशी, कडेला लाकडी बाके, कोपऱ्यात शेगडी. कॅम्राचा राष्ट्रीय सन्मान त्याला 1990 साठी आणि पुन्हा 2019 साठी मिळाला, आणि दोन्ही वेळा आतली मांडणी जवळपास तीच होती. जेवण म्हणाल तर अगदी साधे : कडक सालीचे गरम पाव, आत चीज किंवा हॅम (डुकराचे मांस), सोबत सूप. ज्याला ताट भरून जेवायचे आहे त्याने तेथे जाऊ नये. सोमवारी तो बंद असतो. रेल्वेने गोरिंग अँड स्ट्रीटली या स्थानकावर उतरावे, थेम्स नदीचा पूल ओलांडावा आणि रिजवे या जुन्या टेकडीवाटेने तीन-साडेतीन मैल चढत जावे. ज्यांना चालवत नाही त्यांनी मोटारीने यावे. गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये डी ला बेश घराण्यातील माणसांच्या चौदाव्या शतकातल्या नऊ दगडी मूर्ती आहेत, काही मूर्ती माणसापेक्षाही मोठ्या. आईंना त्या नक्की दाखवा.

दुसरा पब खास आपल्यासारख्या बागायतदारासाठी सुचवतो. वूस्टरशायरमधील इव्हशॅमचे खोरे म्हणजे प्लम, सफरचंद आणि अ‍ॅस्परॅगस यांचा मुलूख, आणि तेथल्या ब्रेटफर्टन गावात ‘द फ्लीस इन’ आहे. मुळात ते शेतकऱ्याचे घर. एकाच घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. घराण्यातल्या शेवटच्या मालकीणबाई लोला टॅप्लिन यांनी 1977 मध्ये मृत्युपत्राने ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिले आणि देताना बटाट्याचे वेफर्स येथे कधीही विकायचे नाहीत अशी अट घातल्याचे सांगतात. 2004 मध्ये आग लागून इमारतीचे मोठे नुकसान झाले, पण ट्रस्टने ती पुन्हा उभी केली. चुलीसमोरच्या दगडी फरशीवर पांढरी वर्तुळे काढलेली दिसतील. चेटकिणीने धुराड्यातून आत उतरू नये म्हणून ती काढत आणि आजही पुसली की नव्याने काढतात. अ‍ॅस्परॅगसचा हंगाम परंपरेने 23 एप्रिल ते 21 जून असा मानतात आणि मे महिन्यात याच पबच्या आवारात त्या जुड्यांचा लिलाव होतो. आपल्या शतावरीच्या कुळातले हे कोंब. लोण्यात परतून ताटात येतात आणि निखळ शाकाहारी असतात. ऑक्सफर्डवरून वूस्टरकडे जाणारी गाडी पकडून हनीबोर्न येथे उतरल्यास गाव तीनेक मैलांवर आहे.

समुद्र पाहायचा असेल तर डॉर्सेटमधील वर्थ मॅट्रॅव्हर्सचा ‘स्क्वेअर अँड कंपास’ गाठा. 1907 पासून न्यूमन कुटुंबाकडे आहे, ‘गुड बिअर गाइड’च्या पहिल्या अंकापासून एकदाही सुटलेला नाही, खायला फक्त पास्टी (सारण भरून भाजलेल्या मोठ्या करंज्या) आणि बाहेर दगडी फळ्यांच्या टेबलांवरून थेट समुद्र दिसतो. मालकांनी जमवलेल्या जीवाश्मांचे छोटे संग्रहालयही आतच आहे. एकच की, रेल्वेने जाणे खटाटोपाचे आहे.

उत्तरेकडे येणार असाल तरच पुढचे दोन पाहा. नॉर्थ यॉर्कशायरमधील बेक होल येथे ‘बर्च हॉल इन’ हा पब म्हणजे दोन चिमुकल्या खोल्या आणि मधोमध गोळ्या-चॉकलेटांचे दुकान. पाई (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ), भरलेले पाव आणि बिअर घालून केलेला केक मिळतो. वाफेच्या इंजिनाच्या गाडीने गोथलँडला उतरून मैलभर जुन्या लोहमार्गाने चालत जाता येते. दुसरा ‘टॅन हिल इन’, ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब, 528 मीटर. चिखलदऱ्याच्या निम्मीही उंची नाही. तरी नोव्हेंबर 2021 च्या वादळात बर्फाने रस्ते बुजले आणि साठेक माणसे एका वाद्यवृंदासह तेथे तीन रात्री अडकून पडली होती. मे महिन्यात तशी भीती नाही, परंतु स्वेटर असू द्या.

आणि जावई उत्साहाने मार्लोच्या ‘हँड अँड फ्लॉवर्स’चे नाव काढतील. मिशेलिन या खाद्य-मार्गदर्शिकेचे दोन तारे मिळवणारा तो पहिला पब, 2012 च्या आवृत्तीतला. जेवण उत्कृष्ट असेलच. परंतु ते बड्या रेस्टॉरंटचे जेवण आहे, महिनोन्‌महिने आधी जागा राखावी लागते आणि खिसाही मोठा लागतो. आपण जे शोधता आहात ते तेथे नाही.

पुसदची लेक

संत्राबागवाले दादा, आर्वीकरांनी पेयाचे सविस्तर सांगितले आहे, म्हणून मी ताटाचे आणि आईंचे सांगते. माझ्या सासूबाईही माळकरी आहेत आणि मुलाकडे असताना त्या आमच्यासोबत खेड्यातल्या पबात आनंदाने बसल्या आहेत, तेव्हा आईंना घरी ठेवून जाऊ नका. दुपारच्या वेळी तेथे आजी-आजोबा, तान्ही मुले आणि टेबलाखाली निवांत पडलेला कुत्रा असेच दृश्य असते. 2007 पासून इंग्लंडमध्ये पबच्या आत धूम्रपानाला बंदी असल्यामुळे धुराचाही त्रास नाही. चहा मिळतो, लिंबू-सोडा मिळतो, एल्डरफ्लॉवरच्या फुलांचे सरबत मिळते, आणि एका कपावर तासभर बसले तरी कोणी उठवत नाही.

ओळखायची पहिली गोष्ट म्हणजे वेटर येत नाही. आधी रिकामे टेबल गाठून त्यावरचा क्रमांक पाहून ठेवायचा, मग काउंटरवर जाऊन पेय आणि जेवण दोन्ही सांगायचे आणि पैसे तेथेच द्यायचे. पेय स्वतः उचलून आणायचे, जेवण मात्र टेबलावर येते. काउंटरवर रांग दिसत नाही, तरी कोण कोणाच्या आधी आले हे सगळ्यांच्या ध्यानात असते, म्हणून नोटा हलवून लक्ष वेधून घेऊ नये.

आता शाकाहार. यादीत पदार्थापुढे इंग्रजी ‘व्ही’ असतो, मांस-मासे नसल्याबद्दल त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही (अंडे मात्र असू शकते), पण जेथे ते अक्षर नाही तेथे चौकशी केल्यावाचून काही घेऊ नये. बटाट्याचे चिप्स पाहून आपल्याला निर्धास्त वाटते. यॉर्कशायरकडे ते अनेक ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. मी एका पबात हे विचारले तेव्हा काउंटरवरचा मुलगा गोंधळला, आत स्वयंपाकघरात जाऊन आला आणि ‘तेल सूर्यफुलाचे आहे, पण त्याच कढईत मासेही तळले जातात’ असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. सासूबाईंनी मग सालीसकट भाजलेला बटाटा घेतला, वर लोणी आणि उकडलेले बीन्स. भाज्यांच्या सूपात कोंबडीच्या हाडांचा अर्क असू शकतो, वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही हा मासा असतो आणि जुन्या पद्धतीच्या काही चीजमध्ये दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरलेले असते. शाकाहारी चीज वेगळे ओळखू येते, विचारले की सांगतात.

दादा, आपल्या स्वतःसाठीही एक सांगून ठेवते, कारण आर्वीकरांनी ते लिहिले नाही. पिंपातली एल लवकर नितळ व्हावी म्हणून तिच्यात माशांच्या वायुपिशवीपासून केलेला आयसिंगग्लास नावाचा पदार्थ घालण्याची जुनी पद्धत आहे. तो गाळासोबत खाली बसतो, परंतु काटेकोर शाकाहारी माणसाला ते चालणार नाही. आता न निवळलेली, थोडी गढूळ दिसणारी एल अनेक लहान कारखाने मुद्दाम विकतात आणि तशी पाटी लावतात.

सर्वांत सोपे आणि पोटभर ताट म्हणजे प्लाउमन्स लंच : जाड पाव, चेडर चीजचा मोठा तुकडा, व्हिनेगरमधला कांदा, सफरचंदाची फोड आणि गडद गोडसर आंबट लोणचे. नांगरणाऱ्याचे जेवण म्हणून ते पुरातन असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात चीजचे रेशनिंग 1954 मध्ये संपल्यावर चीज विकणाऱ्यांनी पबांमधून या नावाचा जोरात प्रचार केला. आपल्या शेतावरच्या शिदोरीची सर त्याला येत नाही असे माझे मत आहे, पण चांगले चेडर असले तर ताट रिकामे होते. हॅम असलेला प्रकार देऊ नका असे आधीच सांगावे. पत्नींसाठी मासे-चिप्स (गाईच्या चरबीत तळलेले नाहीत ना, हे विचारून), कोंबडीची किंवा मशरूमची पाई उत्तम. ‘स्टेक अँड एल पाई’ आणि कॉटेज पाई ही दोन्ही गोमांसाची असतात, हे लक्षात ठेवा. शेपर्ड्स पाई मेंढीच्या मांसाची असते. पाई म्हणून जे येते त्यात कधी नुसते वरचे झाकणच पिठाचे असते आणि खाली वाडगाभर रस्सा; कडा आणि तळ दोन्ही हवे असतील तर विचारून घ्यावे. तिखटाची अपेक्षा ठेवू नका. सासूबाईंच्या पिशवीत जवसाच्या चटणीची डबी होती, ती त्यांनी पदराआड उघडली आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बाहेरचे खाणे पबात काढत नाहीत.

गोडात स्टिकी टॉफी पुडिंग मागवा. खजुराचा मऊ गरम केक, वर टॉफीचा पाक. अंडे असते, म्हणून आईंना नाही.

मोहफूल (गोंदिया)

राजेहो, वरची यादी वाचून एक शंका. हे सगळे पब मार्गदर्शिकांत गाजलेले आहेत, आणि मे महिन्याच्या सुटीत तेथे निम्मी गर्दी आपल्यासारख्या पाहुण्यांची असणार. मी मुलासोबत इंग्लंडच्या वायव्येकडील कंब्रियात होतो तेव्हा ठरवून गेलेल्या नामांकित जागेपेक्षा वाटेत पाऊस लागला म्हणून शिरलेला एक बिनचेहऱ्याचा पब मला अधिक आवडला. तेथे गावातले चार शेतकरी मेंढ्यांच्या भावावर तावातावाने बोलत होते आणि मालकीणबाईंना माझ्या धानाच्या शेतीची चौकशी करायला वेळ होता. यादीतले एक-दोन जरूर पाहा. बाकीचे पायांवर सोडा.

पायांवर म्हणण्याचे कारण असे. आपल्याकडे पांदण रस्त्यावरून भावकीत कोर्टकचेऱ्या होतात. तेथे खाजगी शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा नकाशावर नोंदलेल्या आहेत आणि त्यांवरून चालण्याचा कोणालाही कायदेशीर हक्क आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या तेथल्या सरकारी नकाशा संस्थेचा केशरी मुखपृष्ठाचा, 1 : 25000 प्रमाणाचा नकाशा घ्या, त्यावर हिरव्या तुटक रेघांनी पायवाटा आणि बिअरच्या मगाच्या चिन्हाने पब दाखवलेले असतात. उघडलेले फाटक पुन्हा लावायचे, उभ्या पिकात शिरायचे नाही, गायी-वासरांच्या कळपातून कुत्रा घेऊन जायचे नाही. शेतकऱ्याला याहून अधिक सांगायला नको. चिखलाचे बूट घेऊन पबात शिरता येते की नाही हे दारावरच लिहिलेले असते.

एक नाव मात्र मीही घेतो. हेस्केट न्यूमार्केट या कंब्रियातल्या खेड्यातला ‘ओल्ड क्राउन’ बंद पडू नये म्हणून गावकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून 2003 मध्ये तो सहकारी तत्त्वावर विकत घेतला. त्या प्रकारचा तो ब्रिटनमधला पहिला पब. मागच्या बाजूला असलेला बिअरचा कारखानाही त्याआधीपासून सहकारीच. सहकारी सूतगिरण्यांना कुलपे लागलेली पाहिलेल्या माझ्या डोळ्यांना तो पब पाहून बरे वाटले. एल उत्तम होती, नाव विसरलो.

संत्राबाग (ता. वरुड)

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचा मजकूर आईला वाचून दाखवला. दगडी मूर्ती आणि चहा यांवर ती राजी झाली आहे, मात्र तेल विचारल्याशिवाय चिप्सला हात लावणार नाही असे तिने बजावले आहे. दोन शंका उरल्या आहेत. जावयांना रविवारचीच सुटी सोयीची पडते, तर रविवारी खेड्यात काही अडचण येते का? आणि ते मोटार चालवणार असतील तर त्यांनी एखादा ग्लास घेतलेला चालतो का?

आर्वीकर

रविवार हा पबचा सर्वांत मोठा दिवस आणि म्हणूनच सर्वांत कटकटीचाही. दुपारी बारापासून साधारण चारपर्यंत बहुतेक ठिकाणी रविवारचे रोस्टच मिळते : भाजलेले मांस, भाजलेले बटाटे, दोन-तीन भाज्या, यॉर्कशायर पुडिंग आणि वरून ग्रेव्ही. मांसात बहुधा गोमांस, डुक्कर, कोंबडी किंवा मेंढी असा पर्याय असतो. पत्नींनी कोंबडी घ्यावी, पण ग्रेव्ही कशाची आहे ते विचारावे, कारण अनेकदा एकाच पातेल्यातली ग्रेव्ही सर्वांना वाढतात. यॉर्कशायर पुडिंग अंडी-दूध-मैद्याचे असले तरी ते गाईच्या चरबीत फुलवलेले असू शकते. शाकाहाऱ्यांसाठी दाणे आणि सुक्या मेव्याचे नट रोस्ट असते आणि त्यासोबत वेगळी ग्रेव्ही देतात; तीही आधी सांगून ठेवलेली बरी, कारण खेड्यात ते मोजकेच करतात. जागा गुरुवारपर्यंत फोन करून राखावी आणि त्याच फोनवर आईंचे पथ्य सांगून टाकावे. ‘बेल’मध्ये हे रोस्ट नसते, हे लक्षात घेऊनच त्या दिवसाचा बेत आखा.

इतर दिवशी स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होते ते थेट संध्याकाळी सहाला उघडते, आणि सोमवारी अनेक खेड्यांत चूल पेटतच नाही. आपल्याकडे ढाब्यावर चार वाजताही गरम पोळी मिळते, त्या हिशेबाने निघालात तर वेफर्सच्या पुडीवर भागवावे लागेल. ब्रेटफर्टनला तीही नाही. लंडनबाहेर एक पाइंट साधारण 4 ते 6 पाउंडांना आणि मुख्य ताट 15 ते 20 पाउंडांना पडते. टीप ठेवण्याची सक्ती नाही.

मोटारीबद्दल स्पष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 80 मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, स्कॉटलंडमध्ये 50 आणि आपल्या भारतात 30. कागदावर पाहिले तर तेथला कायदा सैल आहे, म्हणून जावई म्हणतील की एक ग्लास चालतो. त्यांना चालवू देऊ नका. खेड्यातले रस्ते एका गाडीच्या रुंदीचे, दोन्ही बाजूंना उंच कुंपण आणि वळणापलीकडे ट्रॅक्टर. पकडले गेल्यास परवाना किमान वर्षभरासाठी जातो, आणि व्हिसावर राहणाऱ्या माणसाने असले प्रकरण अंगावर ओढवून घेऊ नये. रविवारी खेड्यांतल्या बस बहुतेक नसतातच. ऑल्डवर्थला आपण आणि जावई गोरिंगहून चालत या, लेक मोटारीतून आई आणि पत्नींना घेऊन थेट पबापाशी येईल, परतीला सगळेच मोटारीने. हनीबोर्नला स्थानकाबाहेर टॅक्सी उभी नसते. इव्हशॅममधून आदल्या दिवशीच सांगून ठेवावी आणि परतीची वेळही त्याच फोनवर ठरवून घ्यावी.